कोरडी हवा

भाई शिरसाटांनी खिशातला पांढराशुभ्र रुमाल काढून माझ्या हातात दिला. मी हवेच्या पाइपाचं तोंड त्यावर धरलं आणि खटका दाबला. रुमाल फडफडला. मी तो उलटून पाहिला, गालाला लावून पाहिला, शेवटी नाकालाही लावला. खडखडीत कोरडा.

"बघितलंत?" मी म्हणालो. आवाजात थोडी ऐट होतीच.

"बघितलं," भाई म्हणाले. "काल याच पाइपातून माझ्या तोंडावर पिचकारी उडाली. तुम्ही आलात की हे मशीन शहाण्या पोरासारखं हाताची घडी घालून बसतं. तुम्ही घाट चढलात की परत सुरू. चौगुले, तुमचा एक फोटो द्या. फ्रेम करून मशीनवर लावतो."

आजूबाजूच्या बायका खुदकन हसल्या. मीही हसलो, पण आतून माझा नुसता जळफळाट होत होता. त्या पावसाळ्यातली ही माझी तिसरी फेरी होती. भाईंचा काजूचा कारखाना कुडाळच्या अलीकडे, हमरस्त्यापासून जरा आत. मी कोल्हापूरचा. कॉम्प्रेसर आणि हवा कोरडी करणारी मशिनं दुरुस्त करणं हा माझा धंदा, आणि त्यात मला कोणी हरवेल असं मला तोवर वाटत नव्हतं.

भाईंच्या हॉलमध्ये काजू निवडणारं एक मशीन होतं. वरून गरांची धार पडते, मधे कॅमेरा बघतो, आणि डागी गर दिसला रे दिसला की हवेचा एक फटका बसून तो बाजूला उडतो. ही हवा कॉम्प्रेसरमधून येते. आता हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात हवा म्हणजे निम्मं पाणीच. म्हणून कॉम्प्रेसरच्या पुढे ड्रायर बसवतात. आत सगळी फ्रीजचीच रचना. हवा थंड करायची, पाणी खाली पाडायचं आणि कोरडी हवा पुढे सोडायची. हे जमलं नाही तर चांगल्या गरावरही पाण्याचे शिंतोडे उडतात, डबा बंद होतो आणि पुढे आत बुरशी धरते.

भाईंचे दोन लॉट असे परत आले होते. तिसरा आला तर खरेदीदार तुटणार, आणि तो तुटला की दिवाळीपर्यंत कारखान्याला कुलूप. हॉलमधल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक होतं. मी पान्हा हातात घेतला की टेबलांवरचे हात थांबायचे आणि सगळ्या माझ्याकडे बघत राहायच्या. डॉक्टर नाडी बघताना घरची माणसं बघतात तसं. मला ते सोसायचं नाही.

आणि मला दोष सापडत नव्हता. पाणी बाहेर टाकणारी झडप मी बदलली. गॅसचा दाब तपासला, बरोबर निघाला. गाळण्या नव्या घातल्या. जाळी ब्रशने घासून काढली. पाइपाला जिथे झोळ पडला होता तिथे टेकू दिला. ड्रायरच्या तोंडावर एक तबकडी असते, तिचा काटा हिरव्या पट्ट्यात असला की सगळं ठीक. मी असताना तो हिरव्यात गप्प बसायचा. कोल्हापूरला पोचलो की भाईंचा फोन, "चौगुले, काटा लाल झालाय."

कॉम्प्रेसर आणि ड्रायर मागच्या शेडमध्ये होते. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा आणि पश्चिमेला एक मोठी खिडकी. ड्रायरचा पंखा गरम हवा त्या खिडकीतून बाहेर फेकायचा. शेड बघायची ती जयवंती गावडे. चाळिशीच्या आतबाहेरची, उंच, कमी बोलणारी बाई. कॉम्प्रेसर चालू करणं, बंद करणं, टाकीतलं पाणी सोडणं हे तिचं काम. मी येणार म्हटलं की शेड आरशासारखी असायची. जमीन पुसलेली, खिडकी सताड उघडी, कोपऱ्यात उदबत्ती. माझ्यासाठी एक खुर्ची आणि खुर्चीवर धुतलेला टॉवेल.

"अशी शेड मी कोल्हापूरच्या मोठ्या कारखान्यातसुद्धा पाहिली नाही," मी एकदा भाईंना तिच्यादेखत सांगितलं. ती लाजली. भाई मात्र का कोण जाणे दुसरीकडे बघू लागले.

"ताई, पाणी येतं तेव्हा मशीन काही वेगळा आवाज करतं का?" मी तिला विचारलं.

"नाय, साहेब. तसोच आवाज."

"लाईट कमीजास्त होते?"

"जनरेटर असता ना."

"मग तुम्हाला काय वाटतं?"

"माका काय समाजता?" ती म्हणाली. "मी रोज हात जोडतंय. ह्या वर्षाक कारखानो बंद पडाक नको, इतक्याच मागतंय."

त्या दिवशी दुपारी मी निघालो. भाईंनी गाडीच्या खिडकीतून हात घालून माझा खांदा दाबला. "परवा लॉट भरायचाय, चौगुले," एवढंच म्हणाले. मला त्यांना धीर द्यायचा होता. द्यायला काही नव्हतं. मी मान हलवली आणि गिअर टाकला.

घाटाच्या पायथ्याशी पोलीस उभे होते. वर दरड कोसळली होती. उद्यापर्यंत तरी रस्ता उघडणार नाही, आल्या वाटेने परत जा म्हणाले. मी चडफडत गाडी वळवली. फोनला रेंज नव्हती, त्यामुळे भाईंना कळवता आलं नाही. आणि परत येताना डोक्यात आलं, बरं झालं. आता त्या मशीनला मी बेसावध गाठतो.

कारखान्याच्या फाटकातून मी हॉलकडे गेलोच नाही. पावसात धावत सरळ शेड गाठली आणि दार ढकललं.

आत भट्टी लागली होती. खिडकीवर ताडपत्री घट्ट बांधलेली. ड्रायरच्या पंख्यासमोर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, आणि त्यांवर गोधड्या. जुन्या लुगड्यांच्या जाड गोधड्या, चादरी, धोतराच्या दुहेरी घड्या. सगळ्यांतून वाफ निघत होती. त्या वाफेला एक वास होता. घरात आजारी माणूस असलं की येतो तो. एक गोधडी ड्रायरच्या जाळीवर अंगरख्यासारखी घातलेली होती. तबकडीचा काटा लाल पट्ट्याच्या शेवटाला टेकला होता.

जयवंती एका चादरीचं टोक पिळत होती. मला बघून तिच्या हातातून ते सुटलं.

"साहेब, तुमी गेलास ना?"

"घाट बंद आहे."

तिने झटकन पहिली गोधडी ओढून काढली. मग दुसरी. चोरी पकडली गेल्यासारखा तिचा चेहरा झाला होता, पण ती चोरी मशीन बिघडवल्याची नव्हती. ते तिला माहीतच नव्हतं. पाहुण्याला घरातलं उघडं पडलेलं दिसलं, याचीच तिला लाज वाटत होती.

"थांबा, ताई," मी म्हणालो. "हे कोणाचं?"

तिने ओली गोधडी छातीशी धरली. मग म्हणाली, "माझ्या घोवाची हाथरुणा. दोन वर्सांमागे तो माडावरसून पडलो. कमरेखालसून काय्येक नाय. त्याका समाजणाच नाय कधी भिजता ता. उन्हाळ्यात बरा असता. पावसात कपडो सुकणा नाय ओ, साहेब. तीन दिवस घातलो तरी ओलोच. ओल्यात पडान त्याच्या पाठीक जखमो झालेहत. डॉक्टरान सांगल्यान, पाठ कोरडी ठेवा. कोरडी रवली तर मनीस रवतलो." तिने पंख्याकडे बोट केलं. "ही गरम हवा अशीच भायर जाय होती. कोणाच्याच उपयोगाची नाय. म्हणान मी…"

मी खुर्चीवर बसलो. तिचा नवरा असा पडून आहे, हे मला कोणी बोललंच नव्हतं. तीन फेऱ्या, नवी झडप, नव्या गाळण्या. मी येणार म्हटलं की ती दोऱ्या सोडायची, ताडपत्री काढायची, जमीन पुसायची, आणि मशीन मोकळा श्वास घ्यायचं. मी घाट चढलो की परत दोऱ्या. पाहुण्यासमोर घर नीट असावं, एवढंच तिच्या मनात. मी मात्र बाहेरून आलेला देव असल्यासारखा रुमाल गालाला लावून बघत होतो.

सांगणं भाग होतं. मी सांगितलं. हे मशीन हवेतली उष्णता काढून या जाळीतून बाहेर टाकतं. ती बाहेर गेली नाही, शेडमध्येच फिरत राहिली, तर आतली हवा थंडच होत नाही. थंड झाली नाही की पाणी पडत नाही, ते सरळ काजूवर जातं.

तिला एका दमात समजलं. मला वाटलं होतं, दोनदा सांगावं लागेल.

"म्हणजे माझ्यामुळा," ती म्हणाली.

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"ते दोन लॉट माझ्यामुळा परत इले. आणि मी हयसर बसान देवाक हात जोडी होतंय." ती हसली, आणि ते हसू बघण्यापेक्षा तिने हंबरडा फोडला असता तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात दारात भाई उभे राहिले. माझी गाडी दिसली म्हणून छत्री घेऊन आले होते. त्यांनी दोऱ्या बघितल्या, काटा बघितला, मग माझं तोंड बघितलं.

"हे आहे का कारण?" त्यांनी विचारलं.

"हो."

भाई छत्री मिटायचंच विसरले. "मीच सांगितलं होतं तिला," ते म्हणाले. "जूनमध्ये. म्हटलं, हयसर सुकत घाल गो, फुकट हवा जाता. चौगुले, तुम्ही एवढं सगळं विचारलंत, पण हे काही बोलायची गोष्ट वाटली नाही हो. दुसऱ्याच्या घरातलं दुखणं, ते काय पाहुण्याला दाखवायचं?"

रागावावं तर कोणावर? ज्याचा कारखाना बुडायला आला होता त्याने दया केली होती, आणि तीच दया काजूवर पडत होती.

जयवंतीने दोऱ्या सोडल्या, ताडपत्री काढली. वारा आत आला. काटा हळूहळू लालातून उतरू लागला आणि आम्ही तिघे त्याच्याकडे बघत उभे राहिलो. तो हिरव्यात आला तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. महिनाभर ज्याच्यासाठी झोप उडाली ते कोडं सुटलं होतं. माझी नजर मात्र त्या ओल्या ढिगावर होती.

"आता हे कुठे सुकवायचं?" मी विचारलं.

आम्ही रात्र पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशीही तेच करत होतो. घाट बंदच होता. बॉयलरच्या खोलीत ऊब भरपूर, पण तिथे काजूची टरफलं जळतात. त्या टरफलाचं तेल धुरातून कापडावर बसतं आणि कातडी सोलून काढतं. जयवंतीने आपले हात माझ्यापुढे धरले. शेडमध्ये येण्याआधी काजू फोडायचं काम केलेल्या त्या बोटांची टोकं काळी पडून भेगाळली होती. "माझ्या हाताचा ह्या असा झालाहा. त्याच्या उघड्या पाठीचा काय होतला?" ती म्हणाली. गर सुकवायची गरम खोली होती. भाई त्या खोलीचं नाव काढायच्या आतच जयवंती म्हणाली, "थय नको, भाई. लोकांच्या खाण्याची वस्तू ती."

भाई म्हणाले, घरी हीटर घेऊन देतो. तर तिच्या वाडीत वाऱ्याने खांब पडून आठवडाभर लाईट नव्हती. नव्या चादरींचा गठ्ठा त्यांनी त्याच संध्याकाळी आणवला. पण नव्या चादरी तरी किती पुरणार? एकदा भिजली की तीही जुन्यासारखीच ओली.

मग मी माझी अक्कल चालवली. खिडकीला पत्र्याचा बोगदा लावायचा, बाहेर छप्पर घालायचं आणि गरम हवा त्याखाली सोडायची. हवा बाहेरही जाईल आणि गोधड्याही सुकतील. सकाळपासून मी आणि एक सुतार भिजत ते बांधत होतो. बायका हॉलच्या खिडकीतून बघत होत्या. एकीने चहा आणून दिला. छपराखाली दोरी बांधली, जयवंतीने पहिली गोधडी घातली आणि मी मशीन चालू केलं.

थोडा वेळ सगळं छान चाललं. मी तिच्याकडे बघून हसलोसुद्धा. मग समुद्राकडून वाऱ्याचा झोत आला आणि पावसासकट बोगद्यात घुसला. ड्रायरचा तो चिमुकला पंखा, त्याच्यात त्या वाऱ्याला मागे ढकलायची ताकद कुठली? गरम हवा उलटी शेडमध्ये शिरली. काटा वर चढू लागला. मी बोगदा वाकवला, तोंडाला पत्रा आडवा लावला, लांबी कमी केली. काटा परत वर. बाहेरची गोधडी पावसाच्या तुषारांनी आधीपेक्षा जास्त भिजली होती.

"अजून एकदा करून बघू," मी म्हणालो.

"रवांदे, साहेब," जयवंती म्हणाली.

"थांबा हो, जरा तिरकं लावतो."

"रवांदे म्हणतंय ना," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण मी पान्हा खाली ठेवला. "उद्या लॉट भरूचो आसा. साठ बायकांची चूल आसा ह्याच्यार. माझी पण. मी एकट्या घोवासाठी सगळ्यांका घराक बसवू?" तिने ती गोधडी पिळली, घडी केली आणि डोक्यावर घेतली. "चुलीच्या उबेर जमात तितक्या सुकवीन." असं म्हणून ती पावसातून घरी गेली. जाताना तिने मला नमस्कार केला. मला तो नमस्कार कुठे ठेवावा कळेना.

भाईंनी बोगदा सोडवायला सांगितलं. सुताराने पत्रे काढले. मी हत्यारं गोळा केली.

लॉट गेला आणि पास झाला. भाईंचा फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. एकही गर डागी नाही, खरेदीदाराने पुढची मागणीही दिली, असं ते सांगत होते, पण त्यांच्या बोलण्यात नेहमीची गंमत नव्हती. मी जयवंतीच्या घरची चौकशी केली.

"जखमा वाढल्या," भाई म्हणाले. "ओरोसला हॉस्पिटलमध्ये नेला होता. गाडी मीच दिली. पण विष अंगात भिनलं होतं. नागपंचमीच्या आदल्या दिवशी गेला."

मी फोन ठेवला आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. गिऱ्हाईक आलं, त्याला मी उद्या या म्हणालो.

दसऱ्यानंतर गाळण्या बदलायला मला तिथे जावंच लागलं. भात कापणीला आला होता, ऊन कडक पडलं होतं. वाटेतल्या प्रत्येक अंगणात कपडे वाळत घातले होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. शेडमध्ये जयवंती होती. तिने माझ्यासाठी खुर्ची पुसली. मी काम करत असताना ती भिंतीशी उभी राहिली.

"साहेब, एक इचारू?" तीच म्हणाली.

"विचारा."

"तुमका ता सापडला नसता तर तिसरो लॉट परत इलो असतो?"

"आला असता."

"मगे कारखानो बंद."

"हो."

"कारखानो बंद म्हणजे ह्या मशीन पण बंद. म्हणजे गरम हवा पण बंद." ती एकेक शब्द जपून ठेवत होती. हे सगळं तिने पुष्कळ वेळा मनाशी मांडून बघितलं असणार. "म्हणजे ह्या बाजून जावा नायतर त्या बाजून जावा, त्याची पाठ भिजतलीच होती. खरा ना?"

मी हातातली गाळणी खाली ठेवली. त्या पावसाळ्यानंतर माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं होतं. एक मोठा पंखा जोडला असता तर. बोगदा पूर्वेच्या भिंतीतून काढला असता तर. घाट दोन दिवस उशिरा उघडला असता आणि मी तिथेच राहिलो असतो तर. यातलं काही चाललं असतं की नाही हे मला तेव्हा सांगता येत नव्हतं आणि इतक्या वर्षांनंतर आजही येत नाही.

"खरं आहे, ताई," मी म्हणालो. "दुसरा मार्ग नव्हता."

ती एकदम खाली बसली. भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून. तिचे खांदे सैल झाले.

"तुमी मशीनवाले. तुमचा बोलणा कोण खोटा करूचा नाय," ती म्हणाली. "घरात सगळे म्हणतत, ह्या बायेन काजींसाठी घोवाक मारल्यान. आज सासऱ्याक सांगतंय, कोल्हापूरच्या सायबांनी सांगितला, मार्गच नव्हतो."